विश्लेषण : मोटरहोमची सरकती खोली करकरते कशामुळे? तेल कुठे द्यावे, कुठे देऊ नये?

अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी लागली की अनेक कुटुंबे मोटरहोम घेऊन राष्ट्रीय उद्यानांच्या वाटेला लागतात. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन अशी गाडी भाड्याने घेतात, काहींनी तर स्वतःची गाडी विकत घेतली आहे. मुक्कामी पोहोचल्यावर बटण दाबले की गाडीच्या भिंतीचा एक भाग सोफा-टेबलासह बाहेर सरकतो आणि आतली जागा एकदम वाढते. या सरकत्या भागाला ‘स्लाइड-आऊट’ म्हणतात. तो करकरू लागला की बहुतेकांचा हात आधी तेलाच्या डब्याकडे जातो. मात्र चुकीच्या जागी दिलेले तेल आवाज चार दिवस दाबते आणि बिघाड वाढवते. हा आवाज कशाचा असतो, त्यावर उपाय काय आणि दुर्लक्ष केल्यास काय होते, याविषयी…

स्लाइड-आऊट म्हणजे नेमके काय?

टेबलाचा खण जसा बाहेर ओढता येतो, तशीच ही रचना. मोटरहोमच्या बाजूच्या भिंतीला मोठे भोक ठेवलेले असते. त्यात तीन भिंती, जमीन आणि छप्पर असलेली एक पेटी बसवलेली असते. प्रवासात ही पेटी आत असते आणि तिची बाहेरची भिंत गाडीच्या भिंतीशी समतल राहते. मुक्कामी ती साधारण दीड ते तीन फूट बाहेर येते. बारा फूट लांबीची पेटी तीन फूट बाहेर आली तर ३६ चौरस फुटांची जागा मिळते. चाकांवरच्या घरात ही जागा छोटी नाही. या पेटीत सोफा, जेवणाचे टेबल, पलंग आणि काही गाड्यांत शेगडी किंवा फ्रीजही असतो. त्यामुळे तिचे वजन सहज काही शे किलो भरते. एवढे वजन एका बाजूला अधांतरी बाहेर काढायचे आणि पुन्हा आत घ्यायचे, हे काम काही दातेरी पट्ट्या, चाके आणि बारा व्होल्टच्या मोटरी करत असतात.

अशी रचना करण्याची गरज का पडली?

याचे उत्तर रस्त्याच्या नियमात आहे. अमेरिकेत मोठ्या वाहनांच्या रुंदीची मर्यादा सर्वसाधारणपणे १०२ इंच, म्हणजे सुमारे २.५९ मीटर आहे. भिंतींची जाडी वजा केली की आत राहण्यासाठी आठ फुटांच्या आसपास रुंदी उरते. त्यात दोन्ही बाजूंना फर्निचर ठेवले तर मधून एकच माणूस कसाबसा जातो. गाडी धावताना रुंद करता येत नाही, मग उभी असताना रुंद करावी, हा यामागचा विचार. आजच्या स्वरूपातील स्लाइड-आऊट रूढ करण्याचे श्रेय इंडियाना राज्यातील न्यूमार या कंपनीला दिले जाते. तिने १९९० मध्ये ही सोय आपल्या गाड्यांत आणली. त्याच राज्यातील एल्कहार्ट हे शहर आणि त्याचा परिसर अमेरिकेतील या उद्योगाचे केंद्र आहे. आज तेथे बनणाऱ्या अनेक मोठ्या गाड्यांत एक ते चार स्लाइड-आऊट असतात.

यंत्रणा किती प्रकारच्या असतात?

देखभाल करण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणती यंत्रणा आहे, हे माहीत असणे आवश्यक आहे. एकाच गाडीत दोन वेगळ्या यंत्रणा असू शकतात, म्हणजे दिवाणखान्याला एक आणि शयनकक्षाला दुसरी. मुख्य प्रकार चार आहेत.

पहिला, सांगाड्यातून जाणाऱ्या दातेरी पट्ट्यांचा. खोलीखाली पोलादी तुळया असतात. त्यांच्यावरील दातेरी पट्टीत छोटे दंतचक्र फिरते आणि खोली पुढे-मागे ढकलते. जड खोल्यांसाठी हा प्रकार वापरतात. गाडीखाली वाकून पाहिले की तुळया दिसतात. त्याच कारणाने रस्त्यावरचा चिखल, खडी आणि थंडीत टाकलेले मीठही थेट त्यांच्यावर उडते.

दुसरा, भिंतीतल्या यंत्रणेचा. खोलीच्या दोन्ही उभ्या कडांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात आणि दोन्ही बाजूंना स्वतंत्र मोटर असते. एक नियंत्रक दोन्ही मोटरींचा वेग जुळवून ठेवतो. ही यंत्रणा हलकी आणि सुटसुटीत आहे, पण दोन्ही बाजूंचा ताळमेळ सुटला की खोली तिरकी होऊन अडकते.

तिसरा, तारांचा. पोलादी तारा आणि कप्प्या खोलीला चारही कोपऱ्यांतून ओढतात. येथे तारांचा ताण सारखा असणे महत्त्वाचे ठरते.

चौथा, हायड्रॉलिक. पंप द्रवाला दाब देतो आणि त्या दाबाने दट्ट्या खोली ढकलतो. मोठ्या गाड्यांत हाच पंप गाडी समतल करणारे जॅकही चालवतो.

आवाज का होतो?

दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात तेव्हा ते नेहमी अखंड सरकत नाहीत. स्थिर वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो, तेवढा ती हलती ठेवायला लागत नाही. त्यामुळे कोरडे रबर भिंतीला चिकटते, ताणले जाते, सुटते आणि पुन्हा चिकटते. सेकंदाला शेकडो वेळा असे घडले की आपल्याला किंचाळल्यासारखा आवाज ऐकू येतो. व्हायोलिनची तार गजाने वाजते ती याच तत्त्वावर. म्हणून किंचाळणारा आवाज बहुतेक वेळा कोरडेपणाचा असतो आणि तुलनेने निरुपद्रवी असतो.

पण सगळे आवाज कोरडेपणाचे नसतात. दातांमध्ये अडकलेला खडा, झिजलेले चाक, सैल बोल्ट, मंदावलेली मोटर किंवा तिरकी झालेली खोली यांचाही आवाज येतो. त्यावर वंगण फवारल्याने मूळ कारण जात नाही. उलट आवाज दबल्यामुळे ते लक्षात यायला उशीर होतो.

कोणता आवाज काय सांगतो?

खोली सरकताना एकाने बटणापाशी आणि दुसऱ्याने बाहेर उभे राहून आवाज कुठून येतो हे ऐकावे. वर, खाली, डाव्या की उजव्या बाजूने, सुरुवातीला, मध्येच की शेवटी, एवढे नोंदवले तरी अर्धे निदान होते.

- चिरका, किंचाळणारा आवाज : कोरडे रबरी सील किंवा कोरडी सरकपट्टी. सकाळच्या थंडीत जास्त आणि दुपारी कमी येत असेल, तर रबर कडक झाल्याची शक्यता अधिक.
- खरखर : रुळात किंवा दातांत माती, वाळू, झाडाच्या काड्या. आधी सफाई, मगच बाकीचे.
- ठरावीक अंतराने ‘कट-कट’ : दंतचक्र दात सोडून पुढे घसरत आहे किंवा एखादा दात तुटला आहे. येथे खोली चालवणे थांबवावे.
- घरघर आणि मंद चाल : मोटरला पुरेसा विद्युतदाब मिळत नाही किंवा खोली कुठेतरी अडते आहे. खोलीतले दिवे त्याच वेळी मंद होत असतील तर आधी बॅटरी आणि तिची जोडणी तपासावी.
- एकदाच मोठा ‘धाड्’ आवाज : काही गाड्यांत खोली पूर्ण बाहेर आल्यावर तिची जमीन उतारावरून खाली बसते आणि मुख्य जमिनीशी समतल होते, तेव्हा थोडा आवाज येणे स्वाभाविक आहे. पूर्वी येत नसेल आणि आता येऊ लागला, तर खालची चाके तपासावीत.
- पंपाचा वाढलेला ‘सूं’ आवाज, सोबत खोलीला धक्के : हायड्रॉलिक द्रव कमी झाले आहे किंवा त्यात हवा शिरली आहे.

तेल, ग्रीस की कोरडा स्प्रे?

दार करकरले की बिजागरीत खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडायचे, ही आपल्या घरोघरची पद्धत. बिजागरी अरुंद आणि बंद असते, म्हणून ते चालून जाते. स्लाइड-आऊटचे रूळ आणि दातेरी पट्ट्या मात्र उघड्यावर असतात. ओले तेल किंवा ग्रीस लावले की त्यावर धूळ चिकटते. धूळ आणि तेलाची लापशी तयार होते आणि ती पॉलिश पेपरसारखे काम करू लागते. ॲरिझोना, नेवाडासारख्या वाळवंटी राज्यांत फिरणाऱ्या गाड्यांत हे एका प्रवासातही घडू शकते. मग ज्या दातांची झीज रोखायची, त्यांचीच झीज वाढते.

म्हणून उघड्या धातूच्या भागांसाठी कोरडे वंगण वापरतात. यात पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदार्थाचे बारीक कण उडून जाणाऱ्या द्रावकात मिसळलेले असतात. फवारल्यावर द्रावक काही मिनिटांत उडतो आणि धातूवर निसरडा, कोरडा थर राहतो. त्याला धूळ फारशी चिकटत नाही. आपल्या तव्यांवरचा न चिकटणारा लेप याच पदार्थाचा. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला तो शीतकरणाच्या वायूंवर काम करताना योगायोगाने सापडला होता.

निळ्या-पिवळ्या डब्यातल्या डब्ल्यूडी-४० चे काय, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. १९५३ मध्ये सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत हे मिश्रण चाळिसाव्या प्रयत्नात जमले. नावातील ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी बाजूला सारणे. गंज रोखणे हा त्याचा मूळ हेतू. अडकलेला बोल्ट सोडवायला, ओलावा हटवायला ते उत्तम आहे. पण त्यातील वंगणाचा थर पातळ असतो आणि जड यंत्रणेवर तो फार काळ टिकत नाही. त्याच कंपनीची कोरडी पीटीएफई वंगणेही बाजारात आहेत. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे, एवढाच मुद्दा.

आणखी एक गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटते. भिंतीतल्या काही यंत्रणांच्या पुस्तिकांत, नेहमीच्या वापरात कोणतेही ग्रीस किंवा वंगण लागत नाही, असे स्पष्ट म्हटलेले असते. सौम्य साबणाच्या पाण्याने पट्ट्या धुवाव्यात, कचरा हवेने उडवावा आणि तरीही आवाज आला तरच कोरडे वंगण वापरावे, एवढीच अपेक्षा असते. कोणते वंगण चालते आणि कोणते नाही, हेही यंत्रणेनुसार बदलते. त्यामुळे गाडीसोबत मिळालेली पुस्तिका हाच अंतिम आधार मानावा.

रबरी सीलची काळजी वेगळी का?

खोली आणि भिंत यांच्यातील फट रबरी सील बंद करतात. एक प्रकार पोकळ नळीसारखा असतो. खोली पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर असताना तो दबून फट बुजवतो. दुसरा प्रकार गाडीच्या काचेवरच्या वायपरच्या पात्यासारखा. तो सरकणाऱ्या भिंतीवरचे पाणी पुसतो. खोली बाहेर जाताना हे पाते एका दिशेला वळते आणि आत येताना दुसऱ्या दिशेला. रबर चिकट किंवा कडक झाले की पाते वळत नाही, दुमडून आत अडकते आणि तेथून पाणी शिरू लागते.

असे सील बऱ्याचदा ईपीडीएम या रबराचे असतात. हे रबर ऊन आणि पाऊस चांगला सोसते, मात्र खनिज तेल त्याला सोसत नाही. खनिज तेलाने ते फुगते, मऊ पडते आणि शेवटी फाटते. म्हणून सीलवर ग्रीस, इंजिन ऑइल किंवा साधे मशीनचे तेल लावू नये. रुळावर फवारलेले वंगणही सीलवर उडू न देणे चांगले. सीलसाठी स्वतंत्र ‘कंडिशनर’ मिळतात. सील पाण्याने आणि सौम्य साबणाने पुसून, वाळवून मग फडक्याने त्याचा पातळ हात द्यावा. उन्हात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत सील भिंतीला चिकटून बसतो आणि पहिल्यांदा बटण दाबताच फाटतो. त्यामुळे लांब मुक्कामानंतर खोली हलवण्याआधी सीलवर एक नजर टाकावी.

सील नीट बसतो का, हे तपासायची सोपी पद्धत आहे. खोली बंद करताना सीलमध्ये कागदाचा कपटा ठेवावा. बंद झाल्यावर तो सहज निघून आला तर तेथे दाब पुरेसा नाही. रात्री आत विजेरी लावून बाहेरून पाहिले की उजेडाची रेघही फट दाखवून देते.

आवाजाकडे दुर्लक्ष केले तर काय होते?

या प्रश्नात खरा खर्च दडलेला आहे. खोलीची जमीन बहुधा प्लायवूड किंवा लाकडी चुऱ्याच्या दाबीव पत्र्यांची असते. दुमडलेल्या सीलमधून थोडे थोडे पाणी झिरपत राहिले की ही जमीन कडेकडेने फुगते आणि मग कुजते. वर गालिचा किंवा विनाइल असल्याने ते महिनोन्‌महिने दिसत नाही. कडेला पाय टेकवल्यावर जमीन दबली किंवा कुबट वास येऊ लागला की तोपर्यंत आतले लाकूड गेलेले असते. मग खोली बाहेर काढून जमीन बदलावी लागते. सील बदलणे आणि जमीन बदलणे यांच्या खर्चात कितीतरी पटींचा फरक असतो.

दुसरा धोका अडकून पडण्याचा. खोली अर्धवट बाहेर असताना यंत्रणा बंद पडली तर गाडी रस्त्यावर नेता येत नाही. सुट्टीच्या हंगामात गावापासून दूर असलेल्या तळावर तंत्रज्ञ लगेच मिळेलच असे नाही. पुढच्या मुक्कामाचे आरक्षण, परतीचे विमान, वयस्कर माणसांची औषधे असे सगळेच त्यावर अवलंबून असते.

देखभाल करायची कशी?

मोसमाच्या सुरुवातीला आणि थंडीसाठी गाडी उभी करून ठेवण्यापूर्वी, अशी वर्षातून दोनदा पूर्ण देखभाल पुष्कळ गाड्यांना पुरते. धुळीच्या, खाऱ्या हवेच्या किंवा बर्फाच्या भागात वापर असेल तर ती अधिक वेळा करावी. पुस्तिकेत वेगळा काळ दिला असेल तर तो पाळावा. क्रम असा :

१. गाडी सपाट जागी उभी करून समतल करावी. तिरक्या गाडीत खोली एका बाजूला रेलते आणि चांगली यंत्रणाही करकरते.

२. बॅटरी पूर्ण भारित असावी. पूर्ण भारलेली १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. शक्य असेल तर तळावरील वीजजोडणी घ्यावी.

३. खोली पूर्ण बाहेर काढावी, मग बॅटरीची जोडणी आणि घेतली असल्यास तळावरील वीजजोडणी, दोन्ही तोडाव्यात. म्हणजे काम सुरू असताना कुणी चुकून बटण दाबले तरी काही हलणार नाही.

४. खोलीचे छप्पर झाडून घ्यावे. पाने, काटक्या, झाडांचा चीक आणि साचलेले पाणी खोली आत येताना सोबत येते आणि सील फाडते.

५. रूळ, दातेरी पट्ट्या आणि चाके कोरड्या ब्रशने साफ करावीत. जुने चिकट ग्रीस असेल तर ते योग्य क्लीनर आणि फडक्याने पूर्ण काढावे. जुन्या ग्रीसवर नवे वंगण मारण्यात अर्थ नाही. पोलादी तुळयांवर गंज असेल तर तो तारेच्या ब्रशने घासून काढावा.

६. दात, बोल्ट, चाके, तारा डोळ्यांनी तपासाव्यात. दातांजवळ धातूची चमकदार पूड दिसली तर ती झिजेची खूण समजावी. तारेचे धागे सुटलेले दिसले तर हात न लावता तंत्रज्ञाला बोलवावे. अशी तार ताणाखाली असते आणि तुटली तर जोराने उसळते.

७. पुस्तिकेत सांगितलेल्या भागांवरच कोरड्या वंगणाचा पातळ थर द्यावा. जास्तीचे पुसून घ्यावे आणि द्रावक उडेपर्यंत थांबावे.

८. सील धुऊन, वाळवून कंडिशनर लावावा.

९. हायड्रॉलिक यंत्रणेत द्रवाची पातळी पाहताना सर्व खोल्या आणि जॅक आत असावेत. बाहेर असताना द्रवाचा काही भाग दट्ट्यांत असतो. त्या वेळी टाकी भरली तर खोल्या आत येताच ती ओसंडते.

१०. जोडणी पुन्हा करून खोली एकदा पूर्ण आत, एकदा पूर्ण बाहेर घ्यावी, म्हणजे वंगण सगळीकडे पसरते. भिंतीतल्या यंत्रणेत खोली शेवटाला पोहोचल्यावर बटण लगेच न सोडता, मोटरी स्वतः थांबेपर्यंत काही सेकंद दाबून ठेवावे. त्यामुळे दोन्ही बाजूंचा ताळमेळ पुन्हा जुळतो. मध्येच थांबवत, पुढे-मागे करत खोली चालवण्याच्या सवयीने हा ताळमेळ बिघडतो.

धोका कुठे असतो?

शेकडो किलोंची पेटी हळू सरकते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात तिच्या आणि भिंतीच्या मध्ये बोट, हात किंवा लहान मूल सापडले तर सगळ्याच मोटरी वेळेत थांबतील याची खात्री देता येत नाही. खोली हलवण्यापूर्वी आत मुले, पाळीव प्राणी, उघडी कपाटे, पुढे आलेली चालकाची खुर्ची आणि बाहेर झाड, खांब किंवा शेजारची गाडी यांची खातरजमा करावी. प्रवासासाठी लावलेले अडसर काढले आहेत का, हेही पाहावे. अडसर तसाच ठेवून बटण दाबल्याने मोटर किंवा दात तुटू शकतात.

खोली हलत असताना गाडीखाली कुणीही जाऊ नये. बाहेर आलेल्या खोलीखाली आधार म्हणून टेकू देण्याची पद्धत काही जण पाळतात. पुस्तिकेत सांगितले नसेल तर तो देऊ नये. रात्रीत गाडी टायरवर किंवा जॅकवर थोडी खचली की टेकूवर टेकलेली खोली वर उचलली जाते आणि सगळी यंत्रणा वाकडी होते.

खोली आत येईनाशी झाली तर?

घाई न करता आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. बॅटरीचा दाब, फ्यूज, गाडी समतल आहे का, हँडब्रेक ओढलेला आहे का आणि खोलीच्या वाटेत काही अडकले आहे का. काही गाड्यांत ठरावीक अटी पूर्ण झाल्याशिवाय खोली हलूच नये अशी सोय असते. सगळे ठीक असूनही मोटर नुसती घरघरत असेल तर बटण दाबत राहू नये, मोटर जळू शकते. बहुतेक यंत्रणांना हाताने चालवण्याची सोय असते. कुठे हँडलने फिरवायचा दांडा, कुठे ड्रिल मशीन लावता येईल असे टोक, तर कुठे पंपाची झडप उघडावी लागते. हे टोक पलंगाखाली, सामानाच्या कप्प्यात किंवा गाडीखाली असू शकते. अंधारात, पावसात ते शोधण्याची वेळ येण्यापूर्वी, गाडी ताब्यात घेतानाच ते पाहून ठेवावे.

गाडी भाड्याची असेल तर?

भाड्याच्या गाडीत स्वतः वंगण फवारू नये. बिघाड आधीचा होता की आपण केलेला, हा वाद त्यातून उभा राहतो. गाडी घेताना खोली एकदा आत-बाहेर करून दाखवायला सांगावी आणि त्याचा आवाजासह व्हिडिओ काढून ठेवावा. हाताने चालवण्याचे टोक कुठे आहे, रात्री-अपरात्री मदतीसाठी कुठे फोन करायचा आणि स्लाइड-आऊटचे नुकसान विम्यात येते का, हे तीन प्रश्न विचारावेत. प्रवासात नवा आवाज आला तर त्याच दिवशी मालकाला लेखी कळवावे. भाड्याने गाड्या देणारे काही जण मुद्दाम स्लाइड-आऊट नसलेल्या गाड्याच ठेवतात, त्याचे कारणही हेच. जागा कमी, पण बिघाडही कमी. दोन-तीन दिवसांत मुक्काम बदलणाऱ्या चार माणसांच्या कुटुंबासाठी तो पर्याय वाईट नाही.

महाराष्ट्रात याचा संबंध काय?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. भारतातही वाहनाच्या रुंदीची कमाल मर्यादा २.६ मीटर, म्हणजे अमेरिकेइतकीच आहे. तरीही आपल्याकडच्या कॅरॅव्हॅन बहुतांशी व्हॅन, मिनी बस किंवा बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात आणि सरकती खोली त्यांत अभावानेच आढळते. उद्या ती रुळली तर कोकण किनाऱ्यावरची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि घाटातल्या लाल मातीत तिची कसोटी लागेल. अमेरिकी पुस्तिकांतील वर्षातून दोनदाचा हिशेब येथे पुरणार नाही.

तोवर हेच शास्त्र घरातल्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीलाही लागू पडते. ती अडली की रुळात तेल ओतले जाते, पावसाळ्यात त्यात माती बसते, पाणी बाहेर जाण्याची छिद्रे बुजतात आणि पाणी खोलीत येते. तिथेही आधी ब्रश, मग ओले फडके आणि गरज उरलीच तर कोरडे वंगण, हाच क्रम योग्य. आवाज बंद झाला म्हणजे काम झाले, असे समजू नये. तो कशाचा होता हे कळले असेल, तरच दुरुस्ती झाली म्हणता येईल.